चाळीस हजारांचा लॅपटॉप: कंपनी काटकसर कुठे करते?



बारावीचा निकाल लागला, पोरीला लातूरला नाहीतर पुण्याला प्रवेश मिळाला, की गटाच्या बैठकीत एक कर्जमागणी हमखास येते. लॅपटॉपसाठी. कुठे गटालाच संगणक हवा असतो, ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं केंद्र टाकायला. रक्कम तीस ते पन्नास हजारांच्या घरात. आपल्या हिशेबात बोलायचं तर चार-पाच उस्मानाबादी शेळ्या एका पिशवीत घालून घरी आणायच्या.

शेळी घेताना आपण दात बघतो, कास बघतो, चार पावलं चालवून बघतो. तिच्या आईला जुळी व्हायची का, हेही विचारतो. लॅपटॉप घेताना मात्र दुकानदार म्हणेल ती पूर्व दिशा! म्हणून आज आम्ही अमुक कंपनी चांगली, तमुक वाईट असं काही सांगणार नाही. कंपनी भाव कसा ठरवते, जाहिरात, किंमत, दर्जा आणि बाजारातला वाटा या चारांची मोट कशी बांधते, ते बघू. ते कळलं की तिने हात कुठे आखडता घेतला, हे आपल्याला शोधता येतं.

आधी खव्याकडे जाऊ. भूम-वाशी भागातल्या बायकांना हे सांगायला नको. पाच लिटर दूध आटवलं तर किलोभर खवा पडतो. व्यापारी येतो आणि म्हणतो, शेजारच्या गावात वीस रुपये कमीने मिळतोय. आता भट्टीवालीपुढे वाटा किती? एक, आपला नफा कमी करायचा. दुसरी, खवा जरा ओलसरच उतरवायचा, म्हणजे वजन भरतं, पण तो लवकर खराब होतो. तिसरी, भाव धरून बसायचं आणि आपल्या खव्याचं नाव होईल अशी वाट बघायची. पण तोवर भट्टीला सरपण लागतंच, दूध घालणाऱ्यांचे पैसे द्यावेच लागतात. गिऱ्हाईक तुटलं तर भट्टी थंड. संगणक कंपनीचा पेच हाच आहे, फक्त आकडे मोठे.

आता संगणकात कंपनीचं स्वतःचं काय असतं? ऐकून नवल वाटेल, पण फार थोडं. अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीने १९८१ मध्ये आपला घरगुती आणि कचेरीच्या वापराचा संगणक बाजारात आणला. घाई होती, म्हणून तिने त्यातली मुख्य चिप इंटेलकडून घेतली आणि चालवायची प्रणाली मायक्रोसॉफ्टकडून. या दोघांनी तोच माल दुसऱ्यांनाही विकला. वर्ष-दोन वर्षांत कॉम्पॅकसारख्या कंपन्या तसाच संगणक बनवू लागल्या. शेवटी २००५ मध्ये आयबीएमने हा धंदाच चीनच्या लेनोव्होला विकून टाकला. ज्याने रस्ता पाडला त्यालाच त्यावरून गाडी हाकणं परवडेना.

आजही तसंच आहे. चिप इंटेलची नाहीतर एएमडीची, विंडोज मायक्रोसॉफ्टचं, पडदा आणि बॅटरी आणखी कुणाची. इतकंच काय, जुळणीसुद्धा बहुतेक वेळा दुसराच करतो. तैवानच्या क्वांटा आणि कॉम्पाल या कंपन्या एचपी, डेलसारख्या मोठ्या नावांसाठी लॅपटॉप बनवून देतात. एका भट्टीतला खवा चार हलवायांच्या चार रंगीत खोक्यांत जातो, तसं. खोक्यावरच्या नावाला किंमत नाही असं आम्ही म्हणत नाही. कोणता पडदा घ्यायचा, बिजागरी पत्र्याची की प्लास्टिकची, बिघाड झाल्यावर माणूस पाठवायचा की नाही, हे ती नाववाली कंपनीच ठरवते. पण मूळ माल जवळपास सारखा असल्यामुळे ती भाव मनासारखा चढवू शकत नाही. चढवला तर गिऱ्हाईक शेजारच्या खोक्याकडे वळतं.

त्यामुळे नफा बारीक असतो. एचपीसारखी मोठी कंपनी शंभर रुपयांचे संगणक विकते, तेव्हा त्या धंद्यातून तिच्या हाती साधारण पाच-सात रुपये राहतात, तेही कर भरण्याआधी. आपल्या पावतीत सरकारचा वाटा याहून मोठा असतो. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे ४०,००० च्या पावतीत ६,१०० रुपये कराचे.

एवढ्या बारीक नफ्यावर धंदा टिकवायचा तर एकच उपाय, भरपूर विकायचे. यालाच बाजारातला वाटा म्हणतात. भारतात विकल्या जाणाऱ्या दर शंभर संगणकांत अलीकडच्या वर्षांत तीसच्या आसपास एचपीचे असतात. हा वाटा केवळ मिरवायला नसतो. जो लाखो चिपा उचलतो त्याला चिप स्वस्त पडते. जाहिरातीचा खर्च जास्त नगांवर वाटला जातो. दुकानदार दर्शनी फळीवर त्याचाच माल मांडतो. सोलापूर-लातूरसारख्या शहरात सेवा केंद्र ठेवणं परवडतं. म्हणून कंपनी कधी कधी एखादं मॉडेल जवळजवळ बिननफ्याने सोडते, पण वाटा सोडत नाही. अ‍ॅपलचा रस्ता मात्र वेगळा. जगातल्या शंभर संगणकांत तिचे आठ-नऊच, पण ती चिपही स्वतःच आखते, प्रणालीही स्वतःची, आणि भाव धरून बसते. ती तिसरी वाट. ती सगळ्यांना जमत नाही.

आपल्या राज्यात या झटापटीत काय काय झालं, ते सांगण्यासारखं आहे. मुंबईत राज सराफ यांनी १९८० मध्ये झेनिथ कॉम्प्युटर्स सुरू केली. कारखाना गोव्यात. परदेशी तोडीचा दर्जा आणि देशी भाव, असा तिच्या जाहिरातींचा सूर असायचा, आणि एके काळी देशातल्या पहिल्या काही नावांत तिची गणना व्हायची. तिची स्पर्धा दोन बाजूंनी होती. वरून परदेशी कंपन्या, आणि खालून मुंबईचा लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोड स्टेशनजवळचा हा रस्ता म्हणजे सुट्या भागांचा बाजार. तिथून भाग आणायचे, जुळवायचे आणि विकायचे. त्यालाच आपण ‘असेंबल केलेला’ म्हणतो. ना जाहिरात, ना ब्रँड, त्यामुळे कंपनीच्या मालापेक्षा स्वस्त.

२००१ मध्ये एमकेसीएल ही संस्था स्थापन झाली आणि तिचा एमएस-सीआयटी हा कोर्स तालुक्या-तालुक्यात पोचला. सरकारी नोकरीला त्याचं प्रमाणपत्र मागू लागले. तुमच्यातल्या कित्येकींनी तो केलाय, कित्येकींच्या सुनांनी तर लग्नाआधीच केलाय. तुळजापूर असो की उमरगा, गल्लीतल्या त्या क्लासमध्ये ओळीने मांडलेल्या संगणकांवर बहुतेक वेळा कुठल्याच कंपनीचं नाव नसायचं. खाली टेबलात ठेवलेला तो पांढरट डबा! बिघडला तर तोच पोरगा यायचा, डबा उघडायचा, एक भाग बदलायचा आणि चालू करून द्यायचा. आमच्या मते खेड्यांपर्यंत संगणक नेला तो जाहिरातींनी नाही, या पोरांनी.

मग कंपन्यांनी खाली उतरायचा प्रयत्न केला. एचसीएल या देशी कंपनीने २००५ मध्ये ९,९९० रुपयांत संगणक आणला. दहा हजारांच्या आत! भाव खाली कसा आणला? विंडोजऐवजी फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली टाकली आणि नेहमीच्या चिपेऐवजी साधी, हळू चिप बसवली. गिऱ्हाइकाला मात्र क्लासमध्ये शिकलेलं विंडोजच हवं असायचं. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी आकाश हा टॅबलेट आणला, सव्वादोन हजारांच्या आसपासचा. त्याचा गाजावाजा देशभर झाला. पण तेवढ्या पैशात जो पडदा आणि जी चिप बसली, त्यावर बोट जोरात दाबावं लागायचं आणि काम संथ चालायचं. किंमत आधी ठरवली आणि दर्जा तिच्यात कोंबला, की असं होतं.

२०१३ मध्ये एचसीएल आणि विप्रो या दोन्ही देशी कंपन्यांनी संगणक बनवणं सोडायचा निर्णय घेतला. झेनिथचा संगणकही आज बाजारात मिळत नाही. त्या वेळेपर्यंत लोक टेबलावरच्या संगणकाकडून लॅपटॉपकडे वळले होते, आणि लॅपटॉप काही गल्लीत जुळवता येत नाही. तो मोठ्या कारखान्यातूनच तयार होऊन येतो. रुपयाही त्या वर्षी घसरला होता, आणि भाग तर डॉलरमध्ये घ्यायचे. मोठ्या कंपन्या कोटींनी नग उचलत होत्या, यांच्याकडे तेवढी उचल नव्हती. दर्जा कमी होता म्हणून त्या हरल्या, असं कुणी म्हटलं तर ते अर्धवट आहे.

मालाच्या भावाबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. कोथिंबिरीची जुडी सकाळी पंधराला असते आणि बाजार उठताना पाचला देतात. संगणकाच्या मालाचं वय आठवड्यांत मोजतात, पण तो कोथिंबिरीसारखाच उतरतो. नवी चिप आली की जुनी गोदामात पडून स्वस्त होते. अमेरिकेतल्या मायकेल डेल या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९८४ मध्ये हे हेरलं. त्याने आधी ऑर्डर घ्यायची आणि मग जुळणी करायची, अशी रीत पाडली. गोदामात माल शिळा होत नाही, म्हणून भाव उतरवता येतो. त्याच डेलचा कारखाना पुढे तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला झाला. आपल्याला यातून एवढंच घ्यायचं: ‘फार मोठी सूट’ असा फलक दिसला की मॉडेल कोणत्या सालचं आहे, ते विचारायचं. सूट खरी असू शकते. पण पुष्कळदा ती बाजार उठतानाची जुडी असते. स्वयंपाकाला ती चालते, फक्त भाव जुडीचा द्यायचा.

जाहिरातीचंही थोडं बघू. लॅपटॉपच्या तळहात टेकवायच्या जागी चकचकीत चिकटपट्ट्या असतात. इंटेलने १९९१ मध्ये ही युक्ती काढली. संगणक कंपनीने आपल्या जाहिरातीत आणि मालावर इंटेलचं चिन्ह लावायचं, आणि जाहिरातीच्या खर्चातला काही वाटा इंटेलने उचलायचा. गिऱ्हाइकाला आतली चिप दिसत नाही, पण नाव पाठ झालं. तेव्हापासून लोक दुकानात जाऊन ‘आय थ्री द्या, आय फाइव्ह द्या’ म्हणतात, जणू बाकी लॅपटॉप नसतोच. कंपनीला ते बरंच आहे. मोठ्या अक्षरातली गोष्ट चांगली ठेवायची आणि जी खोक्यावर छापतच नाहीत तिथे पैसे वाचवायचे.

तर ती ठिकाणं कोणती?

पहिलं ठिकाण साठवणुकीचं. स्वस्त लॅपटॉपात ‘ईएमएमसी’ नावाची साठवण घालतात. ती मोबाइलच्या कार्डासारखी हळू असते. ‘एसएसडी’ हवी. जीबीचा आकडा सारखा दिसला तरी फसू नका. मग रॅम. आज ४ जीबीवर विंडोज रडतखडत चालतं, ८ तरी हवी. पण आणखी एक प्रश्न विचारा: पुढे वाढवता येते का? पुष्कळ लॅपटॉपांत रॅम आतल्या पाटीवर पक्की डाखलेली असते. कंपनीचे त्यात थोडे पैसे वाचतात, लॅपटॉप पातळ होतो, आणि तीन वर्षांनी कमी पडली की आपल्याला नवाच घ्यावा लागतो. पहिल्या वर्षाच्या कॉलेजला पुरतो तो शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला पुरत नाही, याचं कारण बहुतेकदा हेच असतं.

पडद्यावर तर फार हात मारतात. दुकानात दिव्याखाली सगळेच पडदे छान दिसतात. लॅपटॉप दुकानाच्या दाराशी, उजेडात नेऊन बघायची मुभा मागा. जरा बाजूने बघितलं की रंग उडतात का, तेही बघा. पोरगी वसतिगृहात रात्री अभ्यास करणार असेल तर डोळ्यांचा प्रश्न आहे. उजेडाचं माप ‘निट’ असतं. २५० हे कामचलाऊ, ३०० च्या वर बरं.

बॅटरीचं माप ‘वॉट-तास’ असतं, आणि ते क्वचितच मोठ्या अक्षरात छापतात. छापतात ते ‘दहा तास चालते’, म्हणजे कंपनीने आपल्या पद्धतीने मोजलेलं. दोन लॅपटॉपांची तुलना करायची तर वॉट-तास विचारा. पस्तीस-चाळीसच्या लॅपटॉपापेक्षा पन्नासच्या वरचा सारख्याच कामाला जास्त टिकेल. ज्या गावात दिवसा वीज जाते तिथे ही बाब चिपेपेक्षा मोठी आहे. आणि बिजागरी! झाकण दहा वेळा उघडा-मिटा. एका कोपऱ्याला धरून उघडलं की कडकड आवाज येतो का, ऐका. दुरुस्तीला येणाऱ्या स्वस्त लॅपटॉपांत बिजागरीपाशी तडकलेले खूप असतात, आणि तडा पडला की ते वॉरंटीत बसत नाही, ‘तुम्ही पाडला’ असं म्हणतात.

नावांचा घोळ वेगळाच. एकाच कंपनीचा एकाच नावाचा लॅपटॉप ऑनलाइनला एका क्रमांकाने आणि दुकानात दुसऱ्या क्रमांकाने असतो. आत थोडा फरक केलेला असतो, म्हणजे भावाची थेट तुलना करता येत नाही. चिपेचंही तसंच. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत काही चिपा अशा होत्या, ज्यांची रचना २०१९ ची होती. नाव नवं, गाभा जुना. म्हणून मोबाइलमध्ये पूर्ण मॉडेल क्रमांक टाइप करून कंपनीच्या संकेतस्थळावरची माहिती वाचायची. गटातली बारावी झालेली कुठलीही पोरगी हे दहा मिनिटांत करून देईल.

आता जुन्या लॅपटॉपाबद्दल. मोठ्या कंपन्या दोन प्रकारचा माल बनवतात. घरच्या गिऱ्हाइकासाठी एक, जसा लेनोव्होचा आयडियापॅड, डेलचा पूर्वीचा इन्स्पिरॉन. कचेऱ्यांसाठी दुसरा, जसा थिंकपॅड, पूर्वीचा लॅटिट्यूड. कचेरीचा खरेदी अधिकारी चकचकीत रंगाला भुलत नाही, बिघाड झाला तर पाचशे नगांचं कंत्राट काढून घेतो. म्हणून कंपनी तिथे बिजागरी मजबूत देते, भाग बदलता येतील असं ठेवते. तीन-चार वर्षांनी कचेऱ्या हे लॅपटॉप काढून टाकतात आणि ते दुरुस्त होऊन पुणे-मुंबईच्या बाजारात पंधरा-वीस हजारांपासून मिळतात. आमचं मत विचाराल तर अर्ज भरायच्या केंद्राला असा लॅपटॉप पंचवीस हजारांच्या नव्या, कमकुवत लॅपटॉपाहून बरा. पण एक अट पक्की. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली आणि विंडोज ११ ला इंटेलची आठव्या पिढीची किंवा त्यापुढची चिप लागते. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप सध्या फार स्वस्त विकायला निघालेत. ज्या यंत्रावर लोकांचे आधार आणि बँकेचे व्यवहार होणार, तिथे ते घेऊ नका. बॅटरी नवी टाकली का आणि निदान सहा महिन्यांची लेखी हमी आहे का, हेही बघा.

पैशाचं म्हणाल तर ‘बिनव्याजी हप्ता’ हा शब्द जपून ऐकायचा. प्रक्रिया शुल्क असतं, कार्डावर व्याजावरचा जीएसटी लागतो, आणि रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट पुष्कळदा हप्त्यावाल्याला मिळत नाही. दोन्ही भाव कागदावर लिहून घ्या. गटाचं महिना शेकडा एक रुपया व्याज निदान गटातच परत येतं.

प्रभागसंघातल्या आठ-दहा जणींना एकाच हंगामात लॅपटॉप घ्यायचे असतील तर एकेकटीने जाऊ नका. धाराशिव, सोलापूर, लातूर अशा तीन ठिकाणच्या दुकानांकडून एकाच मॉडेल क्रमांकाचं दरपत्रक मागवा. वाटा वाढवायला कंपनी दुकानदाराला ठरावीक नग विकण्याचं उद्दिष्ट देते, ते गाठलं की त्याला वरकड मिळकत होते. एका लॅपटॉपावर तो पाचशे सोडणार नाही, दहांवर बोलेल. पैसे सोडायला तयार नसेल तर वॉरंटी एक वर्ष वाढवून मागा, ती जास्त उपयोगाची.

वॉरंटीचा नुसता काळ विचारून भागत नाही. माणूस घरी येणार की यंत्र आपण सेवा केंद्रात न्यायचं? आपला पिनकोड सांगून विचारा. परंड्याहून सोलापूरला दोन हेलपाटे म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचं भाडं, हे किमतीत धरायलाच हवं. खोकं दुकानातच उघडा, खोक्यावरचा आणि लॅपटॉपाच्या पोटावरचा अनुक्रमांक जुळवा, आणि तोच क्रमांक जीएसटीच्या पक्क्या पावतीवर लिहून घ्या. कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकला की वॉरंटी कधीपासून कधीपर्यंत आहे ते दिसतं. काही वेळा ती तुमच्या खरेदीच्या आधीच सुरू झालेली असते. तसं असेल तर पावती दाखवून तारीख दुरुस्त करून घेता येते.

इतकं करूनही अडवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, मराठीतही बोलता येतं. तिथे निभावलं नाही तर धाराशिवला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि तिथे पहिल्यांदा मागतात ती पावतीच.